फ्रेंच सुपरमार्केटमधील किंमतविषयक संज्ञा : इंग्रजी भाषांतर

फ्रान्समधील सुपरमार्केटच्या मांडण्यांवर, जाहिरातपत्रकांत आणि पावत्यांवर किंमत व सवलत सांगणारे जे शब्द असतात, त्यांना इंग्रजी प्रतिशब्द देणे. शब्द साधे, कोणत्याही कोशात सापडणारे. तरीही येथे चुका होतात. यांतले बरेच फ्रेंच शब्द कायद्याने बांधलेले आहेत आणि त्यांचे इंग्रजी जोडीदार मोकळे आहेत. शिवाय लंडनच्या दुकानातली इंग्रजी आणि शिकागोच्या दुकानातली इंग्रजी एक नव्हे.

‘सोल्द’ हा शब्द घ्या. कोश त्याला ‘सेल’ म्हणतो. पण फ्रान्समध्ये सोल्द वर्षातून दोनदाच लागतात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. त्यांच्या तारखा शासन ठरवते आणि २०२० पासून त्यांची मुदत प्रत्येकी चार आठवड्यांची आहे. खरेदीच्या किमतीखाली माल विकण्यास १९६३ च्या कायद्याने बंदी आहे. सोल्दच्या काळात तेवढी मोकळीक मिळते. उरलेल्या वर्षभर जी सूट दिसते ती ‘प्रोमोसियों’. इंग्रजीत दोन्हींना ‘सेल’ म्हटले की हा भेदच पुसला जातो. एकवचनी ‘सोल्द’ म्हणजे खात्यावरची शिल्लक, हा वेगळाच खड्डा. उलट बाजूने ‘आँ व्हाँत’ म्हणजे नुसते ‘विक्रीस उपलब्ध’. त्याचे ‘ऑन सेल’ केले, तर अमेरिकी वाचक भाव उतरल्याचे समजतो.

सवलतीसाठी फ्रेंच व्यापारी भाषेत तीन शब्द आहेत. मालात खोट असल्याने भावात केलेली घट म्हणजे ‘राबे’. गिऱ्हाईक मोठे किंवा मर्जीतले म्हणून दिलेली सूट म्हणजे ‘रमीझ’. ठरावीक काळातील एकूण खरेदीवर मागाहून परत दिलेली रक्कम म्हणजे ‘रिस्तूर्न’. हिशेबाच्या वह्यांत तिन्ही एकत्र येतात, म्हणून भाषांतरकार तिन्हींना ‘डिस्काउंट’ म्हणून सुटका करून घेतो. ते एक वेळ चालेल. ‘राबे’चे ‘रिबेट’ मात्र चालणार नाही: इंग्रजीतला ‘रिबेट’ अर्थाने ‘रिस्तूर्न’जवळ बसतो, कानाला मात्र ‘राबे’सारखा लागतो.

सर्वांत मजेशीर उदाहरण ‘दुसऱ्या नगावर उणे ६८ टक्के’ या पाटीचे. परक्या माणसाला हा आकडा छपाईची चूक वाटतो. खाद्यपदार्थांवरील सवलत किमतीच्या ३४ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे बंधन ‘एगालिम’ कायद्यान्वये २०१९ पासून आले. शेतकऱ्याच्या पदरात दोन पैसे पडावेत हा त्यामागचा हेतू. दुकानदारांनी गणित मांडले: एक नग पूर्ण किमतीला, दुसरा ६८ टक्के सुटीने, म्हणजे दोघांवर मिळून बरोबर ३४. ‘दोन घ्या, तिसरा भेट’ ही योजना सरासरी ३३.३ टक्क्यांची, म्हणून नियमात बसते. आपल्याकडची ‘एकावर एक फ्री’ ५० टक्क्यांची, म्हणून बसत नाही. मार्च २०२४ मध्ये ही मर्यादा साबण, शाम्पू, धुण्याची पावडर अशा वस्तूंनाही लागू झाली; २०२५ मध्ये मात्र त्यांच्यापुरती ती सैल करण्यात आली. खाद्यपदार्थांच्या सवलतीत ‘ग्रात्वी’ (फुकट) हा शब्द वापरण्यासही कायद्याने मनाई आहे. पाटीवर ‘ओफेर’ (भेट दिलेले) असते. इंग्रजीत दोन्हींचे ‘फ्री’च होते आणि कायद्याने ज्या शब्दाला दार लावले तो खिडकीतून आत येतो. अहवाल किंवा करार असेल तर अशा ठिकाणी एक तळटीप द्यावी. पाटीच असेल तर ‘फ्री’ला इलाज नाही.

‘दिस्त्रिब्यूतर’ म्हणजे येथे वितरक नव्हे, किरकोळ विक्रेता. ‘ग्राँद दिस्त्रिब्युसियों’ म्हणजे सुपरमार्केट-हायपरमार्केटांचा सारा धंदा. त्यामुळे ‘मार्क द दिस्त्रिब्यूतर’ला ब्रिटनमध्ये ‘ओन ब्रँड’ आणि अमेरिकेत ‘स्टोअर ब्रँड’ म्हणावे लागते. ‘प्रमिये प्री’चे शब्दशः ‘पहिली किंमत’ होते, पण अर्थ आहे त्या प्रकारातला सर्वांत स्वस्त माल. ‘प्री बारे’ म्हणजे काट मारलेली जुनी किंमत. युरोपीय संघाच्या नियमानुसार ती आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत असावी लागते. फ्रान्समध्ये हे मे २०२२ पासून लागू आहे.

‘प्री युनितेर’ या शब्दाने अनेकांना फसवले आहे. फ्रेंच पावतीवर तो एका नगाचा भाव असतो. इंग्रजीतला ‘युनिट प्राइस’ मात्र, युरोपीय संघाच्या १९९८ च्या निर्देशानुसार, किलो किंवा लिटरमागचा भाव. त्याच निर्देशाच्या फ्रेंच पाठात त्याला ‘मापाच्या एककाची किंमत’ म्हटले आहे.

‘तेतेसे’ म्हणजे सर्व करांसह. मूल्यवर्धित कर ही फ्रान्समध्ये १९५४ साली मोरीस लोरे यांनी रूढ केलेली पद्धत. बहुतेक खाद्यपदार्थांवर तो ५.५ टक्के, मद्यावर २० टक्के. ब्रिटिश वाचकाला हे सांगावे लागत नाही, अमेरिकी वाचकाला लागते, कारण त्याच्याकडे विक्रीकर गल्ल्यावर जोडला जातो. भारतीय वाचकाला ‘सर्व करांसह’ म्हटले की एमआरपी आठवते, पण ती फ्रान्समध्ये नाही. १ डिसेंबर १९८६ च्या अध्यादेशापासून किमती मोकळ्या आहेत. उत्पादक फार तर ‘प्री काँसेये’, म्हणजे शिफारस केलेली किंमत, सुचवतो. पुस्तके अपवाद: १९८१ च्या लांग कायद्याने त्यांची किंमत प्रकाशक ठरवतो.

नव्या शब्दांत ‘रेद्युफ्लासियों’, म्हणजे भाव तोच ठेवून पाकीट लहान करणे, इंग्रजीत ‘श्रिंकफ्लेशन’. १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ दोन महिने सूचना लावावी लागते: वजन किती होते, किती झाले आणि किलोमागे भाव किती वाढला.

शब्द बिनचूक उतरवले तरी आकडे उरतात. फ्रेंच लिखाणात दशांशासाठी स्वल्पविराम येतो आणि युरोचे चिन्ह आकड्यामागे. हायपरमार्केटच्या आवारातले पेट्रोल पंप भाव दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत लावतात. तो स्वल्पविराम बदलायचा राहिला, तर पावणेदोन युरोंच्या आसपासचे लिटरभर पेट्रोल इंग्रजी वाचकाला पावणेदोन हजारांचे दिसते.