पदक वेगळं, विक्रम वेगळा: लांब उडीतले दोन हिशेब

गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या एका शालेय स्पर्धेत मी लांब उडीच्या खड्ड्यापाशी टेपचं वाळूकडचं टोक धरून बसले होते. एक मुलगी दुसरी आली आणि त्याच उडीने तिने स्वतःच्या शाळेचा जुना विक्रम मोडला. पिंपळगावहून मोटारसायकलवर आलेले तिचे वडील मला म्हणाले, "मॅडम, दुसरी आली म्हणता, मग विक्रम कसला?" पुढच्या गटाची नावं पुकारली जात होती, त्यामुळे तेव्हा नीट सांगता आलं नाही.

त्या दिवशी त्या खड्ड्यावर जे उतरलेत, त्यांच्यात पुढे राहिलात की पदक मिळतं. विक्रमासाठी मात्र याआधी त्या शाळेतल्या, देशातल्या किंवा जगातल्या कुणीही, कुठेही, कधीही मारलेली उडी ओलांडावी लागते. ती नियमांत बसलेली असावी लागते आणि मोठ्या विक्रमांसाठी वाराही नियमात असावा लागतो.

लांब उडीतला सर्वांत मोठा विजेता कोण, असं विचारलं तर मी कार्ल लुईस म्हणेन. 1984, 1988, 1992 आणि 1996 अशी सलग चार ऑलिम्पिक सुवर्णं त्याच्या नावावर आहेत. तरीही मैदानी लांब उडीचा जागतिक विक्रम त्याच्याकडे कधीच नव्हता. तो 1991 पासून माइक पॉवेलकडे आहे आणि पॉवेलला ऑलिम्पिकचं सुवर्ण एकदाही मिळालं नाही. 1988 आणि 1992, दोन्ही वेळा रौप्य. 1992 ला बार्सिलोनात तर लुईस 8.67 आणि पॉवेल 8.64 मीटर. तीन सेंटीमीटर, म्हणजे माझी दोन बोटं.

हा फरक समजून घ्यायला 30 ऑगस्ट 1991 ची टोकियोतली जागतिक स्पर्धा पुरेशी आहे. लुईस त्याआधी लांब उडीत सलग 65 स्पर्धा जिंकून आला होता. चौथ्या उडीत तो 8.91 मीटरवर पडला. बॉब बीमनने 1968 मध्ये मेक्सिको सिटीत मारलेल्या 8.90 च्या पुढे! पण पाठीमागून वारा होता सेकंदाला 2.9 मीटर, आणि विक्रमासाठी मर्यादा 2.0 ची. ती उडी स्पर्धेत धरली गेली, विक्रमात नाही. पाचव्या उडीत पॉवेलने 8.95 मारली, वारा फक्त 0.3. जवळपास 23 वर्षांचा विक्रम गेला आणि सुवर्णही पॉवेलला मिळालं. त्यानंतर लुईसने 8.87 आणि 8.84 मारल्या. मला त्या दोन उड्यांबद्दलच जास्त आदर वाटतो. असं काही समोर घडल्यावर पुन्हा रनअपच्या खुणेवर जाऊन उभं राहणं किती अवघड असतं, ते खड्ड्याशेजारी बसणाऱ्याला कळतं.

म्हणजे वाऱ्याची अट फक्त विक्रमाला. पाठीशी कितीही वारा असला तरी पदक जातं ते सर्वांत लांब उडीला. मोठ्या स्पर्धांत धावपट्टीशेजारी वारामापक असतो आणि उडी मारणारा धावत येताना पाच सेकंदांचा वारा मोजतो. आमच्या त्या शालेय स्पर्धेत तो नव्हता. शाळेच्या विक्रमाला चाललं, राष्ट्रीय विक्रमाला चाललं नसतं.

आपल्याकडची उदाहरणंही तितकीच बोलकी आहेत. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत मुरली श्रीशंकर आणि बहामाचा लक्वान नेर्न, दोघांची 8.08. बरोबरी झाली की दुसऱ्या क्रमांकाची उडी बघतात. ती नेर्नची मोठी होती, म्हणून श्रीशंकरला रौप्य. त्याच वेळी 8.36 मीटरचा राष्ट्रीय विक्रम मात्र श्रीशंकरच्याच नावावर होता.

आणि अंजू बॉबी जॉर्ज! 2003 मध्ये पॅरिसला 6.70 मीटरवर तिला जागतिक स्पर्धेचं कांस्य मिळालं. ॲथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ती 13 सेंटीमीटर पुढे गेली, 6.83, राष्ट्रीय विक्रम. पदक नाही. 'अंजूचं ऑलिम्पिक हुकलं' असं आजही कुणी बोललं की मला राहवत नाही. त्या दिवशी तिने तोवरची कारकिर्दीतली सर्वोत्तम उडी मारली होती. बाकीच्या आणखी लांब गेल्या, एवढंच.

नाशिक हे तसं धावणाऱ्यांचं गाव. कविता राऊतमुळे इथल्या घराघरात दहा हजार मीटर माहीत आहे, खड्ड्याभोवती मात्र गर्दी कमी. त्यामुळे पालकांना निकालपत्रात फक्त क्रमांकच दिसतो. त्या मुलीच्या नावापुढे तिच्या सहाही उड्या लिहिलेल्या होत्या. पहिली फाउल, दुसरीत हात मागे टेकला म्हणून माप तिथूनच धरलं, आणि पाचवीत पाय उडी घ्यायच्या फळीवर अगदी नेमका पडला. निघताना तिच्या वडिलांनी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि पाचव्या रकान्यावर बोट ठेवून मला विचारलं, "हीच का ती?"

"हीच," मी म्हटलं.