आयएसटीक्यूबी फाउंडेशन लेव्हल: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये शिरणारे बरेच जण पहिलं प्रमाणपत्र आयएसटीक्यूबीच्या, म्हणजे सॉफ्टवेअर टेस्टरांची प्रमाणपत्रं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, फाउंडेशन लेव्हलचं (पहिल्या पायरीचं) घेतात. त्यासाठी पदवीची अट नाही की अनुभवाची. क्लास लावणंही सक्तीचं नाही. अभ्यासक्रम, संज्ञाकोश आणि नमुना प्रश्नपत्रिका आयएसटीक्यूबीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. फक्त आवृत्ती बघून घ्या. 4.0 ही आवृत्ती 2023 साली आली, पण 2018च्या अभ्यासक्रमावरच्या नोट्स अजूनही हातोहात फिरताहेत.

आयएसटीक्यूबी स्वतः परीक्षा घेत नाही. ती त्या त्या देशाचं सदस्य मंडळ किंवा मान्यताप्राप्त परीक्षा संस्था घेते, तेव्हा नोंदणी आणि फी तिथेच भरायची. अर्जात परीक्षेची भाषा निवडावी लागते, आणि केंद्रावर जाणार की घरून ऑनलाइन देणार तेही सांगावं लागतं.

कागदपत्रांत खरा मुद्दा एकच: फोटो असलेलं, मुदत न संपलेलं ओळखपत्र. अर्जातलं नाव त्यावरच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. ओळखपत्रावर मधलं नाव आहे आणि अर्जात फक्त आद्याक्षर, असं असलं तर ते आधीच दुरुस्त करून घ्या. परीक्षेच्या दिवशी ही डोकेदुखी नको. परीक्षेची भाषा तुमची मातृभाषा नसेल तर 25 टक्के जादा वेळ मिळतो, म्हणजे 60ऐवजी 75 मिनिटं. ही सवलत नोंदणी करतानाच मागावी.

प्रश्न 40, प्रत्येकी एक गुण. पास व्हायला 26 लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. अभ्यासक्रमाच्या चौथ्या प्रकरणावर, म्हणजे टेस्ट डिझाइनवर (काय काय तपासायचं हे ठरवण्यावर), 11 प्रश्न असतात, तर टूल्सवर जेमतेम दोन. तरी लोक टूल्सच घोकत बसतात!

चौथ्या प्रकरणातला नेहमीचा नमुना बघा. वयाच्या रकान्यात 18 ते 60 चालतं. सीमा पद्धतीत (बाउंडरी व्हॅल्यू) अशा मर्यादेच्या काठावरची मूल्यं तपासतात. दोन मूल्यांच्या पद्धतीने 17, 18, 60, 61 तपासायचे. तीन मूल्यांच्या पद्धतीत त्यात 19 आणि 59 वाढतात. प्रश्नात कोणती पद्धत म्हटली आहे हे नजरेतून सुटलं की गुण गेलाच. अनुभवी टेस्टर इथे जास्त अडखळतात, कारण ते आपल्या ऑफिसात कसं करतात त्याप्रमाणे उत्तर निवडून मोकळे होतात. उत्तर मात्र अभ्यासक्रमाच्या व्याख्येप्रमाणेच लागतं.

फाउंडेशनचं प्रमाणपत्र कायमचं असतं, नूतनीकरण नाही. पुढे टेस्ट अ‍ॅनालिस्ट किंवा टेस्ट मॅनेजमेंटच्या अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेला बसायचं तर हेच प्रमाणपत्र दाखवावं लागतं, शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभवही. किती वर्षांचा आणि पुरावा कोणता, हे परीक्षा घेणारी संस्था ठरवते. फी भरण्याआधी तिला विचारून घ्या.