डॉक्टर कॉम्प्युटरला वैतागतात ते टायपिंग येत नाही म्हणून नाही

जळगाव-धुळ्याकडे हे सर्रास ऐकू येतं की ऑनलाइन केसपेपर आला आणि डॉक्टर वैतागले कारण जुन्या लोकांना टायपिंग जमत नाही, एक ट्रेनिंग दिलं की झालं. चुकीचंय हे भाऊ. अमेरिकेत 2016 साली छापून आलेल्या अभ्यासात डॉक्टरांचं काम प्रत्यक्ष बघून वेळ मोजला, तर पेशंटसोबतच्या दर 1 तासामागे जवळपास 2 तास रेकॉर्ड आणि टेबलावरच्या कामात जात होते, वर घरी गेल्यावर रात्री पुन्हा 1-2 तास तेच. आता टायपिंगचा स्पीड वाढवून यातलं किती वाचणार? खरं दुखणं म्हणजे सक्तीचे रकाने, बिलासाठीची माहिती, उगाच येणारे अलर्ट, मेसेजचा ढीग, आणि सगळं एकट्या डॉक्टरच्या डोक्यावर. ट्रेनिंगने मदत होते, नाही असं नाही, पण नको ते रकाने काढले, नोंदी लिहायला मदतनीस दिला, साधे मेसेज नर्सने बघितले तर भार खरंच हलका होतो. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे पेशंटच्या नोंदी ऑनलाइन जोडायची केंद्र सरकारची योजना, 2021 पासून देशभर सुरू आहे, म्हणजे हे काम वाढतच जाणार, तेव्हा नंदुरबारच्या गच्च भरलेल्या ओपीडीत डॉक्टरला टायपिंग शिकवत बसण्याआधी शेजारी एक माणूस बसवा.