ग्रँड कॅन्यन

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या उत्तर भागात कोलोरॅडो नदीने कोरून काढलेली जगप्रसिद्ध घळई. लांबी सुमारे ४४६ किमी. रुंदी जागोजाग बदलते. सरासरी १६ किमी., तर सर्वांत रुंद ठिकाणी २९ किमी. खोली १,८०० मी.हून जास्त. घळईचा बहुतेक भाग ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात मोडतो. १९७९ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

खोलीचा विक्रम मात्र तिच्या नावावर नाही. तिबेटातील यार्लुंग त्सांगपोची आणि पेरूतील कोल्काची घळई हिच्याहून खोल आहे. ग्रँड कॅन्यन पाहायची ती तिच्या भिंतींतल्या थरांसाठी. पृथ्वीच्या इतिहासाची इतकी पाने एकाखाली एक, जवळजवळ आडवी, उन्हात उघडी पडलेली आणि पायी चालत वाचता येतील अशी जागा दुसरीकडे सापडणे अवघड आहे.

ही पाने किती जुनी आहेत याचा अंदाज आकड्यांतून येत नाही. त्यासाठी दक्षिण कड्यावर एक सुंदर सोय आहे. कड्याच्या काठाने ‘ट्रेल ऑफ टाइम’ नावाची सपाट पायवाट २०१० मध्ये खुली झाली. तिच्यावरचा एक मीटर म्हणजे १० लाख वर्षे. आजपासून चालायला सुरुवात केली की पाच-सहा मीटरांतच कोलोरॅडोने ही घळई कोरायला घेतल्याचा काळ येतो. ६६ व्या मीटरला आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा पसरत होता. रायगड, राजगड, हरिश्चंद्रगड ज्या काळ्या पाषाणाचे, तो तेव्हाचा. आणि ज्या कड्यावर आपण उभे असतो त्या खडकाचा जन्म गाठायला २७० मीटर जावे लागते. म्हणजे इथला सर्वांत वरचा, सर्वांत ‘तरुण’ थरही सह्याद्रीच्या चौपट वयाचा आहे. तळाच्या खडकापर्यंत पोचायला या वाटेवर पावणेदोन किलोमीटर चालावे लागते.

वरचा थर कैबाब चुनखडकाचा. तो समुद्रात साचलेला. आज २,१०० मी. उंचीवर असलेल्या त्या कड्यावर वाकून पाहिले, तर दगडात शिंपल्यांचे, स्पंजांचे आणि सागरी कमळांचे ठसे दिसतात. त्याखाली टोरोवीपचा थर आणि मग कोकोनिनो वालुकाश्माचा फिकट, सरळसोट पट्टा. हा एके काळी वाळवंट होता. वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांच्या तिरक्या रेघा त्यात तशाच गोठलेल्या आहेत, आणि त्या टेकड्यांवरून चालत गेलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची पावलेही. त्याच्याखाली हर्मिट आणि सुपाई हे तांबडे थर, आणि मग सुमारे दीडशे मीटर उंचीची रेडवॉल चुनखडकाची भिंत. नावाप्रमाणे ती लाल दिसते खरी, पण तो रंग तिचा नव्हे. खडक मुळात करडा. वरच्या तांबड्या थरांतून पावसाबरोबर ओघळलेल्या लोहाने तो शतकानुशतके माखला गेला आहे. ताजा कपचा उडालेल्या जागी मूळ रंग उघडा पडतो.

रेडवॉलच्या पायथ्याशी उतार एकदम सैल होतो. ब्राइट एंजल शेल हा मऊ, हिरवट खडक झिजून तिथे रुंद सपाटी तयार झाली आहे. टॉन्टो प्लॅटफॉर्म असे तिचे नाव. किल्ले हिंडणाऱ्या माणसाच्या तोंडी पहिला शब्द येईल तो ‘माची’. या माचीच्या काठाशी टेपीट्स वालुकाश्माचा तपकिरी कठडा आहे आणि त्याखाली आतली काळीशार, अरुंद घळई सुरू होते. तिच्या तळाला नदी.

टेपीट्सच्या बुडाशी असलेली रेघ ही या सगळ्या प्रदेशातली सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. तिच्या वरचा वालुकाश्म सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा, तर खालचा खडक सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा. मधली सव्वाशे कोटी वर्षे तिथे नाहीतच. त्या काळात जे साचले ते झिजून वाहून गेले. भूशास्त्रात अशा खंडाला विसंगती म्हणतात, आणि ही ‘महाविसंगती’. घळईत काही ठिकाणी मधल्या काळातले थर तिरपे कलंडून थोडेबहुत वाचले आहेत. बाकी ठिकाणी पाने फाटलेलीच. नदीतून नावेने जाणारे ब्लॅकटेल कॅन्यन या बाजूच्या घळीत थांबतात. तिथे ही रेघ हाताच्या उंचीवर येते. तळवा टेकवला की बोटे वालुकाश्माच्या आडव्या पापुद्र्यांवर आणि मनगट उभ्या, पिळवटलेल्या काळ्या खडकावर असते.

त्या काळ्या खडकाचे नाव वाचून मराठी माणूस थबकतो: विष्णु शिस्ट. शिस्ट म्हणजे सुभाजा, उष्णतेने आणि दाबाने रूपांतरित झालेला, पापुद्र्यांत फुटणारा खडक. त्याच्या सोबतीला ब्रह्मा शिस्ट आणि राम शिस्ट हेही आहेत. विष्णु शिस्ट समुद्रतळाच्या गाळ-मातीचा बनला, तर ब्रह्मा आणि राम ज्वालामुखींच्या राखेचे आणि लाव्ह्याचे. घळईत उभ्या असलेल्या एकाकी सुळक्यांनाही अशीच नावे आहेत: शिव टेंपल, विष्णु टेंपल, ब्रह्मा टेंपल, देव टेंपल, मनू टेंपल, राम श्राइन, कृष्ण श्राइन. या नावांमागे स्थानिक परंपरा नाही, आणि पूर्वी कोणी भारतीय तिथे पोचल्याचा तो पुरावाही नव्हे. अमेरिकन सैन्यातले भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी १८८०-८२ च्या सुमारास या प्रदेशाची पाहणी केली. पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत गेलेले ते सुळके त्यांना पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले. उन्हे कलताना शिव टेंपलची एकावर एक चढत गेलेली आडवी छाया-रेघ पाहिली, की शिखराच्या थरांची आठवण आपल्यालाही होते. पुढच्या नकाशाकारांनी डटन यांचा पायंडा चालवला आणि बुद्ध, झरथुष्ट्र, कन्फ्यूशियस, इजिप्तचे ओसायरिस व आयसिस, ग्रीक-रोमन देव असे सगळे इथे एकत्र आले. ज्यांची ही भूमी, त्या लोकांनी दिलेली नावे मात्र नकाशावर फार थोडी उरली.

घळई कशी झाली याचे उत्तर थोडक्यात असे: जमीन उचलली गेली आणि नदी खाली कापत राहिली. समुद्रसपाटीला असलेले हे थर न चुरडता, न मोडता, एखाद्या ताटासारखे वर आले. त्याची सुरुवात सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीची. उंचावरून वाहणाऱ्या कोलोरॅडोला उतार मिळाला. आजही घळईत ती सुमारे ६०० मी. खाली उतरते. आजच्या रूपातली घळई गेल्या ५०-६० लाख वर्षांत कोरली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिचे काही तुकडे त्याहून बरेच जुने असून नदीने ते नंतर जोडून घेतले, असा पुरावाही पुढे आला आहे. हा वाद मिटलेला नाही.

नदीने फक्त खोली दिली. रुंदी दिली ती पावसाने, हिवाने आणि बाजूच्या नाल्यांनी. उन्हाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, दुपारी ढग दाटून वळिवासारखा पाऊस कोसळतो आणि कोरड्या नाल्यांना अचानक लोंढे येतात. त्यांनी आणलेले धोंडे नदीच्या पात्रात पडून खळाळ तयार झाले आहेत. घळईत असे दीडशेहून अधिक खळाळ आहेत. हिवाळ्यात भेगांतले पाणी गोठून फुगते आणि कड्याचे ढलपे सुटतात. कठीण थर कडा होऊन उभा राहतो, मऊ थर उतार होऊन पसरतो, म्हणून भिंतीला पायऱ्या पडतात. सह्याद्रीलाही पायऱ्या आहेत, पण त्या लाव्ह्याच्या एकावर एक आलेल्या लोंढ्यांच्या.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. नदी घळईच्या मधोमध नाही, दक्षिण कड्याला जवळ आहे. सगळे पठार दक्षिणेकडे कललेले असल्याने उत्तर कड्यावरचे पाणी घळईत उतरते, तर दक्षिण कड्यावरचे पाणी घळईपासून दूर वाहून जाते. त्यामुळे उत्तरेची बाजू जास्त झिजून मागे सरली.

माणसाचा वावर इथे हजारो वर्षांचा आहे. फांदी चिरून वळवून केलेल्या प्राण्यांच्या चिमुकल्या आकृती इथल्या गुहांत सापडल्या. त्या सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. होपी या मूलनिवासी लोकांच्या श्रद्धेनुसार त्यांचे पूर्वज याच घळईतून या जगात आले. हवासुपाई, हुआलापाई, नवाहो, झुनी, पायूट यांचेही तिच्याशी नाते आहे. हवासुपाईंचे सुपाई हे गाव आजही घळईच्या आत आहे. तिथे मोटाररस्ता नाही, टपाल खेचरांवरून जाते.

१५४० मध्ये होपी वाटाड्यांच्या मागोमाग गार्सिया लोपेझ दे कार्देनास हा स्पॅनिश सरदार कड्यावर आला. वरून नदी जेमतेम सहा फूट रुंद वाटली. तिघे जण उतरू लागले, एक तृतीयांश वाट झाल्यावर परतले आणि सांगू लागले की वरून माणसाएवढे दिसणारे खडक सेव्हिलच्या मनोऱ्याहून उंच आहेत. ही फसगत आजही होते. नजरेला मोजपट्टी म्हणून काही सापडतच नाही.

१८५७-५८ मध्ये पाहणीसाठी आलेले अमेरिकन सैन्याधिकारी जोसेफ आइव्ह्ज यांनी हा प्रदेश निरुपयोगी ठरवला आणि पुन्हा कोणी गोरा इकडे फिरकणार नाही असे लिहून ठेवले. पुढे अकराच वर्षांनी भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल थेट नदीतून आले. यादवी युद्धात त्यांचा उजवा हात गेला होता. २४ मे १८६९ रोजी नऊ सोबती आणि चार लाकडी होड्या घेऊन ते वायोमिंगमधून निघाले. एक होडी फुटली, अन्न भिजले, कुजले. एक जण आधीच सोडून गेला. २८ ऑगस्टला आणखी तिघांनी पुढचा खळाळ पाहून चढून बाहेर पडायचे ठरवले. ते पुन्हा कोणाला जिवंत दिसले नाहीत. उरलेले सहा जण दोनच दिवसांत घळईबाहेर पोचले.

१९०१ मध्ये दक्षिण कड्यापर्यंत रेल्वे आली. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये घळईला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि २६ फेब्रुवारी १९१९ रोजी राष्ट्रीय उद्यान झाले. या संरक्षणाची किंमत हवासुपाईंनी मोजली. ब्राइट एंजल वाटेवरच्या झऱ्याकाठी ते शेती करत. तिथे राहणाऱ्या शेवटच्या हवासुपाईंना १९२८ मध्ये निघावे लागले. १९७५ मध्ये त्यांना सुमारे ७५,००० हेक्टर जमीन परत मिळाली, आणि २०२२ मध्ये त्या झऱ्याच्या जागेचे नाव ‘हवासुपाई गार्डन्स’ झाले. दोन्ही गोष्टी फार उशिरा झाल्या.

घळई प्राण्यांनाही अडवते. दक्षिण कड्यावर ॲबर्ट खार, उत्तर कड्यावर पांढऱ्या शेपटीची कैबाब खार. दोघींचा पूर्वज एकच. १९३७ मध्ये शिव टेंपलच्या सपाट माथ्यावर वेगळेच प्राणी सापडतील या आशेने शास्त्रज्ञांची मोहीम चढली. वर्तमानपत्रांनी डायनोसॉरपर्यंत मजल मारली. वर मिळाले ते कड्यावरचेच नेहमीचे प्राणी. एमरी कोल्ब हा स्थानिक छायाचित्रकार तर त्यांच्याआधीच वर जाऊन आला होता.

आज नदीचे रूप पालटले आहे. कोलोरॅडो म्हणजे ‘तांबूस’. पण १९६३ पासून वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण पाणी अडवते आणि गाळ धरणातच बसतो. घळईतले पाणी आता बरेचदा हिरवट, नितळ आणि बर्फासारखे गार असते. वाळूचे काठ खचले, कोमट गढूळ पाण्याला सरावलेला, पाठीला कुबड असलेला चब मासा धोक्यात आला. १९९६ पासून अधूनमधून धरणातून मुद्दाम पूर सोडून काठांवर वाळू चढवण्याचा प्रयत्न होतो.

पर्यटकांपैकी बहुतेक जण दक्षिण कड्यावर येतात. तो वर्षभर खुला असतो. उत्तर कडा त्याहून सुमारे ३०० मी. उंच आणि हिवाळ्यात बर्फाने बंद. समोरासमोरच्या या दोन कड्यांमध्ये रस्त्याने साडेतीनशे किमी.च्या आसपास अंतर आहे. जुलै २०२५ च्या वणव्यात उत्तर कड्यावरचे ऐतिहासिक ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेले.

काठावरून फोटो काढून परतणाऱ्याने थोडे तरी खाली उतरावे. निदान कोकोनिनोच्या पट्ट्यापर्यंत. मात्र इथला हिशेब आपल्या गडांच्या उलट आहे. आधी उतार, मग दमल्यावर चढ. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा. उन्हाळ्यात तळाशी तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि वर गारवा असल्याने त्याचा अंदाज येत नाही. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नये असे उद्यानाचे बजावणे आहे. मुक्कामाची जागा तळाशीच आहे: मेरी कोल्टर यांच्या आराखड्यानुसार १९२२ मध्ये बांधलेले फँटम रँच, विष्णु शिस्टच्या काळ्या भिंतींमध्ये, कॉटनवुडच्या सावलीत. तिथून पाठवलेल्या पत्रावर ‘घळईच्या तळातून खेचरावरून रवाना’ अशा अर्थाचा शिक्का मारून मिळतो.