लग्नाची कॅसेट फोर-के करून खरंच काही वाढतं का?

नवा फोर-के टीव्ही भिंतीवर लागला की घरात विषय निघतोच, आपल्या लग्नाची डीव्हीडी पण फोर-के करून घ्यायची का, आणि काकांच्या लग्नाची ती व्हीएचएस कॅसेट पडलीय ती पण. माझं मत आधीच सांगून टाकतो, फोर-के करायला पैसे घालू नका, पण कॅसेट मात्र लवकर उतरवून घ्या.

पाल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीच्या, डीव्हीडीत एका फ्रेममध्ये ७२० गुणिले ५७६ ठिपके, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर. डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कमध्ये १९२० गुणिले १०८०, वीस लाखांच्या वर, आणि फोर-केमध्ये जवळपास ८३ लाख. चकती तेवढीच, १२ सेंटिमीटरची, मग एवढं बसतं कुठं? कमाल लेझरची. डीव्हीडीचा लेझर लाल, तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, ब्लू-रेचा निळा-जांभळा, ४०५ नॅनोमीटर. तरंगलांबी कमी तेवढा प्रकाशाचा ठिपका बारीक करता येतो, म्हणून माहिती साठवणाऱ्या खाचा पण बारीक आणि दाट, एका थरात ४.७ जीबीच्या जागी २५ जीबी.

पण हे सगळं डोळ्याला दिसलं पाहिजे ना भो. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाचा साठावा भाग एवढाच तपशील वेगळा ओळखता येतो, त्याहून बारीक असलं की ठिपके एकमेकांत मिसळून जातात. ४३ इंची टीव्हीवर हिशोब केला तर ब्लू-रेचे ठिपके साधारण साडेपाच फुटांपलीकडे वेगळे दिसत नाहीत, म्हणजे फोर-केचा बारीकपणा पाहिजे तर त्याच्याही आत बसावं लागेल. जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या हॉलमध्ये सोफा असतो समोरच्या भिंतीला टेकून, नऊ-दहा फुटांवर, मधे कूलर. तिथून डीव्हीडी आणि ब्लू-रेतला फरक थोडाफार कळतो, ब्लू-रे आणि फोर-केतला नाही. ५५ इंची असेल तर ब्लू-रे घ्यायला अर्थ आहे, हे मान्य.

फोर-के डिस्कचा खरा फायदा मला तरी ठिपक्यांपेक्षा रंगात वाटतो. डीव्हीडीत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, फोर-के डिस्कमध्ये १०२४, आणि उजेड-अंधाराचा पल्ला मोठा, तो दहा फुटांवरूनही दिसतो. मात्र त्यासाठी पिक्चर मुळात तसा बनवलेला पाहिजे आणि टीव्हीला तेवढा उजेड झेपला पाहिजे, स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर, म्हणजे हाच उजेड-अंधाराचा मोठा पल्ला, लिहिलेलं असतं तेवढ्यानं काही होत नाही.

आता लग्नाची कॅसेट. व्हीएचएसमध्ये रंगाची माहिती इतकी कमी साठते की नवरीच्या लाल शालूचा रंग काठाबाहेर सांडलेला दिसतो, शेजारी बसलेल्या मामाचा पांढरा शर्ट पण कडेला गुलाबी होतो. जे कॅसेटवर आलंच नाही ते फोर-के करून कुठून येणार? सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं, आणि एआयवालं तर कधी कधी आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याच गुळगुळीत करून टाकतं, मग ती आजी राहतच नाही.

तरी उतरवायची घाई का म्हणता? टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. चिकटवणारा थर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. वरून कॅसेट चालवायचं यंत्र, व्हीसीआर, नवीन मिळत नाही, जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं आणि त्यानंतर नवीन बनवणारं कोणी उरलं नाही. स्टुडिओनं राईट करून दिलेली डीव्हीडी पण अमर नाही बरं का, तिच्यात खाचा नसतात, लेझरनं जाळलेला रंगाचा थर असतो आणि ऊन-उष्णतेनं तो खराब होतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, त्यात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ती पडलेली.

डीव्हीडी असेल तर त्यातल्या फायली आहे तशाच कॉम्प्युटरवर कॉपी करा, परत कन्व्हर्ट करू नका, दर कन्व्हर्टला थोडं चित्र जातं. एका थराच्या डिस्कला फार तर ४.७ जीबी लागतात, दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, एक भावाकडं. कॅसेटवाल्याला सांगा की जास्तीत जास्त बिटरेटला, म्हणजे दर सेकंदाला जास्तीत जास्त माहिती ठेवून, उतरव, फोर-के नको, आणि मूळ कॅसेट परत मागून घ्या.