डोंगर सोपा, माळ अवघड: मॉडेल रेल्वेच्या निसर्गदृश्याची पार्श्वभूमी

पुण्याहून मिरजेकडे निघालेल्या गाडीने फुरसुंगी मागे टाकलं आणि शिंदवण्याचा चढ संपवला, की खिडकीबाहेर जेजुरीपर्यंत माळ लागतो. गुडघाभर कुसळी, मध्येच एखादी बाभूळ, सपाट माथ्याचा हिवर, मुरमाचे उघडे उतार, बांधावर घायपात आणि पश्चिमेला फिकट निळा पुरंदर. पुण्यातल्या मॉडेल रेल्वेच्या हौशी लोकांच्या लेआउटवर, म्हणजे फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या देखाव्यावर, मात्र हे दृश्य क्वचितच भेटतं. तिथे घाट असतो, बोगदा असतो, धबधबाही असतो.

घाटाचं आकर्षण समजण्यासारखं आहे. 1863 मध्ये पुरा झालेला बोरघाट, त्याचे 25 बोगदे, 1:37 चा चढ हे सगळं पुणेकराच्या रक्तात आहे. पण खंडाळा ते पुणे हा मार्ग 1858 मध्येच सुरू झाला होता. घाट पुरा होण्याआधी पाच वर्षं गाडी या पठारावरून धावत होती आणि प्रवासी मधला घाट रस्त्याने पार करत होते. आपल्याकडच्या रेल्वेत माळाचा मान घाटाइतकाच जुना आहे. तरी लेआउटवर तो का येत नाही, याचं उत्तर या छंदाच्या इतिहासात सापडतं.

जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने 1891 मध्ये खेळण्यातल्या गाड्यांसाठी रुळांची ठरावीक मापं बाजारात आणली. पत्र्याची गाडी, किल्लीचं इंजिन आणि जमिनीवर मांडलेला गोल रूळ, एवढाच तो खेळ होता. त्याला निसर्ग लागत नव्हता. फार तर कागदाच्या लगद्याचा एक डोंगर मध्ये ठेवायचा आणि गाडी त्याच्या बोगद्यातून काढायची. त्या डोंगराचं काम लपवण्याचं होतं. गाडी गोल फिरून त्याच जागी येते, हे बघणाऱ्याला क्षणभर विसरायला लावायचं. बोगद्याची सवय या छंदाला तिथूनच लागली, असं माझं स्पष्ट मत आहे. माळावर लपवायला काही नसतं. वळण, जोड, फळीची कड, सगळं उघडं पडतं.

1930 च्या दशकात मापं लहान झाली. 1:87 (खऱ्याच्या 87 पट लहान) म्हणजे एचओ आणि ब्रिटिश 1:76 म्हणजे डबल ओ या आकारात एका टेबलावर गावशिवार मावू लागलं. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांनी मॅडर व्हॅली नावाची काल्पनिक रेल्वे बांधायला घेतली. त्यांच्या लेआउटवर गाडीइतकंच लक्ष गावाकडे, झाडांकडे आणि रस्त्याच्या वळणाकडे होतं. तो लेआउट आज पेंडन संग्रहालयात आहे. हे संग्रहालय 1954 मध्ये रॉय इंग्लंड यांनी सुरू केलं. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. इंग्लंडच्या खेड्यांतली गवताची छपरं डोळ्यांदेखत जाताना पाहून त्यांनी ती मोजून, जशीच्या तशी लहान आकारात करून ठेवायचं ठरवलं. इथे गाडी हे निमित्त झालं आणि प्रदेश हा विषय झाला. या छंदात याहून मोठं वळण मला दिसत नाही.

त्या पिढीतलं गवत दवाखान्यातल्या कापडाचं असे. जखमेवर लावायचं एका बाजूने केसाळ असलेलं लिंट हिरवं रंगवायचं, केसाळ बाजू खाली करून गोंदावर चिकटवायचं आणि वाळलं की कापड ओरबाडून काढायचं. तंतू जमिनीला चिकटून उभे राहत. बाकीच्यांचं काम रंगवलेल्या लाकडाच्या भुशावर भागे.

अमेरिकेत ओढ पुन्हा डोंगराकडेच होती. कॅलिफोर्नियात माँटेरे इथे जॉन अॅलन यांनी घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत कडे उभे केले. रंग उडालेली, गंजलेली, वापरून जुनी झालेली दुनिया लेआउटवर कशी दाखवायची, हे जगाने त्यांच्याकडून शिकलं. 1973 च्या जानेवारीत ते गेले आणि काही दिवसांतच तो लेआउट आगीत नष्ट झाला. तिथल्याच ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी हार्डशेल ही रीत लोकांपर्यंत पोचवली. वर्तमानपत्राचे बोळे रचायचे आणि प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी टॉवेल त्यांवर पसरायचे. वाळल्यावर आतलं काढलं तरी कवच उभं राहतं.

ही रीत वाचून पुण्यातल्या कोणालाही दिवाळीतला किल्ला आठवेल. विटा-दगड रचून त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट अंथरायचं आणि हळीव पेरून पाणी शिंपडायचं, हे इथल्या वाड्यांतल्या आणि सोसायट्यांतल्या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही. गणपतीच्या हलत्या देखाव्यांनी त्यात मोटर, पुली आणि प्लास्टरची भर घातली. म्हणजे हात आपल्याकडे आधीपासून तयार होता. कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 मध्ये उघडलं, तेव्हा सिग्नल, उड्डाणपूल आणि दिव्यांनी भरलेलं ते शहर पाहायला शाळाच्या शाळा लोटल्या. आजही तिथून बाहेर पडणारं मूल घरी गेल्यावर रुळांचा हट्ट धरतं. त्या शहराने पुण्यात हा छंद रुजवला. शहराबाहेरचा माळ करणं हे पुढच्यांचं काम आहे.

माळासाठी साहित्य यायलाही वेळ लागला. 1975 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या वुडलँड सीनिक्सने फोमचा रंगीत चुरा घरोघर पोचवला. झुडपांना तो उत्तम, पण दख्खनचं गवत उभं असतं, चुरा आडवा बसतो. फरक पडला तो स्टॅटिक ग्रासने. नायलॉनचे 2 ते 6 मिलिमीटरचे तंतू धातूच्या गाळणीत घ्यायचे. गाळणीला उच्च दाबाच्या विजेचं एक टोक जोडायचं आणि दुसरं ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला. भारलेले तंतू खाली येताना सरळ उभे होतात आणि तसेच रुततात. विकतचं यंत्र महाग पडतं, म्हणून डास मारायच्या रॅकेटमधलं सर्किट आणि चहाची गाळणी यांवर काम भागवणारे बरेच आहेत. एचओमध्ये 2 मिलिमीटर म्हणजे सुमारे 17 सेंटीमीटर गवत, 6 मिलिमीटर म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. कुसळीसाठी 4 आणि 6 मिसळून घ्यावं.

रंगाच्या बाबतीत पाकीट डोळे मिटून फोडू नये. परदेशी पाकिटातलं हिरवं हे वर्षभर पाऊस पडणाऱ्या कुरणाचं हिरवं असतं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सुमारे 700 आणि दौंडच्या बाजूला त्याहूनही कमी. माळ हिरवा असतो तो पावसाळ्यापुरता. दिवाळीच्या आसपास तुऱ्यांवर तांबूस झाक येते आणि पुढे सगळं पेंढ्याच्या रंगाचं होतं. म्हणून आधी महिना ठरवावा, मग पाकीट निवडावं.

जमीन मात्र इथलीच वापरावी. मुरूम आणून भाजायचा, चाळायचा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावरून फिरवायचं. आपल्या काळ्या कातळाच्या वाळूत लोहखनिजाचे बारीक कण असतात. ते इंजिनाच्या मोटरला चिकटून बसले की गाडी कुरकुरायला लागते. रुळाखालची खडी प्रत्यक्षात 65 मिलिमीटरपर्यंतची असते, म्हणजे एचओमध्ये पाऊण मिलिमीटरहून मोठा कण नको. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की ते खडीत आतपर्यंत झिरपतं.

सरकारदरबारी माळाची नोंद बहुधा पडीक म्हणूनच झाली. लेआउट करणाऱ्यांनीही तो दोन स्टेशनांमधली रिकामी जागा म्हणूनच पाहिला. सुप्याजवळचं जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी 1997 मध्ये झालं, तेही असल्याच माळावर. धनगरांच्या मेंढ्या, लांडगा, चंडोल हे इथले रहिवासी आहेत. माळ करायला घेतला की एकेका चौरस फुटात ठरवायला लागतं: इथे कातळ उघडा पडलाय की माती साचलीय, इथे गुरं चरतात की नाही. आणि एक किलोमीटरही एचओमध्ये साडेअकरा मीटर होतो. त्यामुळे बरंचसं अंतर मागच्या पडद्यावर रंगवावं लागतं. लेआउट छातीच्या उंचीवर घेतला तर क्षितिज डोळ्यांसमोर येतं आणि पडद्याचा सांधा गवतात बुडतो.

कोणाला सुरुवात करायची असेल तर मी 1971 च्या आधीचा पुणे-मिरज मार्ग सुचवेन. तेव्हा तो मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. आपला ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरचा, तो 1:87 मध्ये 19.3 यायला हवा, पण बाजारातला एचओ रूळ 16.5 चा असतो. मीटरगेजला हिशोबाने 11.5 हवेत आणि रूळ 12 चा मिळतो. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. विजेचे खांबही लावायला नकोत. वाफेचं इंजिन आणि उन्हाळ्यातला महिना धरला असेल, तर ठिणग्यांनी पेटलेल्या गवताचे एकदोन काळे पट्टे रुळालगत जरूर दाखवावेत. त्यासाठी तिथले तंतू कात्रीने आखूड करून कोळशाची पूड ब्रशने लावली की पुरे.