बाहुलीचे टोपडे

बाहुलीच्या डोक्याच्या मापाने कापडातून शिवलेले छोटे शिरोवस्त्र. बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातील सीमाभागातल्या मराठी घरांत ते बहुधा तान्ह्या मुलाच्या टोपड्याची किंवा कुंचीची (पाठीवर मोकळ्या सुटणाऱ्या, बंद असलेल्या शिरोवस्त्राची) लहान प्रत म्हणूनच शिवले जाते.

‘टोपडे’ ज्या ‘टोप-टोपी’ शब्दकुळातले आहे, त्याच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. पोर्तुगीज ‘टोपो’ (शेंडा, माथा) या शब्दावरून ‘टोपी’ आली, असे एक मत आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशाने त्याची नोंद घेतली. परंतु शिरस्त्राण या अर्थाचा ‘टोप’ हिंदीत आहे आणि वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या वृत्तांतातील शब्दसूचीवरून पोर्तुगीज येथे आले तेव्हाच (१४९८) हा शब्द प्रचारात असावा, याकडेही त्याच कोशाने लक्ष वेधले. त्यामुळे देशी उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील ‘टोपीकर’ (टोपी घालणारे युरोपीय) या उल्लेखावरून अठराव्या शतकाच्या आरंभी शब्द मराठीत रुळला होता एवढेच दिसते. ‘कुंची’ला कन्नडात ‘कुंचिगे’ हा जवळचा शब्द आहे, तर तान्ह्याच्या टोपीसाठी कन्नडात वापरला जाणारा ‘कुलावी’ बहुधा फार्सी ‘कुलाह’वरून आला असावा.

गोल टोपड्याला माथ्याची चकती आणि भोवतालची पट्टी असे दोन भाग लागतात. डोक्याचा घेर २२ सेंमी. असल्यास चकतीचा शिवून उरणारा व्यास सुमारे ७ सेंमी. येतो, सर्व कडांना अर्धा सेंमी. माया (शिलाईसाठी सोडलेली जादा कड) धरून चकती ८ सेंमी. व्यासाची आणि पट्टी २३ सेंमी. लांबीची कापतात. चकतीवरची शिलाई भोवताली १ मिमी. आत सरकली, तरी घेर सुमारे ६ मिमी.ने घटतो, मोठ्या माणसाच्या टोपीत खपून जाणारा हा फरक बाहुलीच्या डोक्यावर लगेच अडतो. म्हणून येथे यंत्रापेक्षा हाताची बारीक उलटी टीप सोयीची ठरते. उलटवण्यापूर्वी मायेला जागोजाग कातरखुणा देतात, अन्यथा गोलाईवर चुण्या पडतात.

कापड बहुतेक शिवणातले उरलेले असते. चोळीच्या खणाचे तुकडे विशेष पसंत केले जातात, कारण खणावरील विणीतली बारीक नक्षी एवढ्याशा आकारातही पूर्ण दिसते. मात्र कापलेल्या कडेचे धागे सुटत असल्याने ती आधी दुमडून घ्यावी लागते.

कुंची गोल टोपड्याहून सोपी : लांबट तुकडा मधोमध दुमडून माथ्याकडची एक बाजू शिवतात, उरलेला भाग पाठीवर मोकळा सोडतात आणि हनुवटीखाली दोन बंद लावतात.